सीओटूची टाकी रविवारी रिकामी करून वेल्डिंग करून घ्यावे का?

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत देखभालीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोअर शॉपसाठी (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे सीओटूने घट्ट करतात तो विभाग) त्यांच्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी १० टनांची जुनी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, टाकी विकत घेतली. तिला पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) इन्सुलेशन आहे, वर पत्र्याचे आवरण आहे आणि शेजारी छोटे रेफ्रिजरेशन युनिट आहे. होळीनंतर दुपारच्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडू लागला आहे, टाकीच्या दक्षिण अंगाला परातीएवढा पांढरा डाग दिसतो आणि खालच्या लिक्विड लाइनच्या निपलजवळ (पाइप जोडण्याच्या आखूड नळीजवळ) बारीक गळती आहे. एका ठेकेदाराने सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू ‘दोन आटे’ आवळायला सांगितले आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की रविवारी व्हेंट (वायू बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह) उघडून टाकीचा दाब शून्यावर आणावा, निपल वेल्ड करून घ्यावे आणि सोमवारी टँकर बोलवावा. यातले कोणाचे ऐकावे, असे ते विचारतात.

दोघांचेही ऐकू नका. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात अशा टाक्या भरण्याचे, तपासण्याचे आणि दुरुस्त करून घेण्याचे काम मी सव्वीस वर्षे केले आहे, आणि पहिल्या सल्ल्यापेक्षा मला दुसऱ्याची धास्ती अधिक वाटते. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळू नये हे कोणत्याही जाणत्या फिटरला आतून ठाऊक असते. केलेच तर तो चोरून करतो. पण ‘दाब उतरवला की टाकी निर्धोक झाली’ हे वाक्य हवेच्या रिसीव्हरवर किंवा बॉयलरवर काम केलेला माणूस अगदी विश्वासाने बोलतो, आणि सीओटूच्या टाकीपुरते ते खोटे आहे. म्हणून तुमच्या तीन तक्रारींकडे वळण्यापूर्वी ही एक गोष्ट नीट मांडतो. ती समजली की बाकीचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

टाकीत द्रव सीओटू आहे तोवर तिचा प्रेशर गेज हाच तिचा थर्मामीटर असतो. द्रव आणि त्यावरचा वायू एकत्र नांदत असतील तर दाब आणि तापमान यांची जोडी ठरलेली असते. गेजवर साधारण १९ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असताना आतला द्रव उणे २० अंशांवर असतो. दाब १३.५ किलोवर आणला तर द्रव उणे ३० अंशांवर जातो, ९ किलोला उणे ४० आणि ६ किलोला उणे ५०. व्हेंट उघडला की द्रव उकळतो, उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतून आणि पोलादातून घेतो, आणि सगळेच थंड होत जाते. आता काटा ४.२ किलोच्या आसपास आला की तो अडतो. व्हेंट उघडा आहे, वायू सुटतो आहे, आणि काटा मात्र जागचा हलत नाही. फिटरला वाटते गेज अडकला. तो बोटाने टिचक्या मारतो. प्रत्यक्षात तापमान उणे ५६.६ अंशांवर आलेले असते आणि आतल्या द्रवाचा कोरडा बर्फ होऊ लागलेला असतो. सगळा द्रव गोठेपर्यंत काटा तिथेच राहतो, नंतर पुन्हा उतरतो आणि शून्यावर येतो. त्या वेळी आत उणे ७८ अंशांचा बर्फ असतो. असे व्हेंट केलेल्या द्रवापैकी ढोबळमानाने निम्माच बाहेर जातो, निम्मा बर्फ होऊन तळाशी बसतो.

हे मी एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिले आहे. रात्रपाळीत कोणाकडून तरी व्हेंट व्हॉल्व्ह उघडा राहिला होता. सकाळी आठला मी पोहोचलो तेव्हा वॉचमन समाधानाने म्हणाला, “साहेब, गॅस सगळा गेला बघा, आता काय भ्या न्हाई.” गेज शून्यावर होता, लेव्हल गेजही शून्य दाखवत होता, आणि मालकांनी मागवलेला भरलेला टँकर गेटावर उभा होता. मी टाकीखाली वाकून ड्रेनचे नोझल पाहिले. त्यावर पीठ भुरभुरावे तसा कोरडा, भुसभुशीत थर होता. नेहमीचा ओलसर, काचेसारखा बर्फ नव्हता. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर आकडा उणे साठच्याही खाली जात होता. रात्री टाकीत चार टनांच्या आसपास द्रव होता, म्हणजे दोन टन बर्फ आत बसलेला असणार. टाकी रिकामी नव्हती. तिच्या पोलादाची सहनशक्ती तेवढी गेलेली होती. टँकर परत पाठवायला मालकांशी तासभर हुज्जत घालावी लागली.

टँकर परत का पाठवायचा, हे सांगतो. या टाक्या बहुतेक कमी तापमानाला चालणाऱ्या कार्बन स्टीलच्या असतात. किती कमी, ते नामपट्टीवर किमान धातू तापमान म्हणून कोरलेले असते. कुठे उणे २९ असते, कुठे उणे ४६. त्याच्या बरेच खाली गेलेले पोलाद वाकण्याऐवजी काचेसारखे तडकते, आणि तडा कुठे थांबेल हे कोणाच्या हाती राहत नाही. अशा गारठलेल्या टाकीत टँकरच्या पंपाने द्रव ढकलणे म्हणजे पोलाद सर्वांत नाजूक असताना त्याच्यावर १८–२० किलोचा ताण एकदम टाकणे. हंगेरीतील रेपचेलाक येथे २ जानेवारी १९६९ रोजी द्रव सीओटूच्या टाक्या फुटून ९ माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चर्चेत टाकी मर्यादेपेक्षा जास्त भरली जाणे आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, या दोन्हींचा उल्लेख येतो.

दाब गमावलेल्या टाकीबाबत नियम सोपे आहेत, पाळायला मात्र धीर लागतो. तिच्यावर हातोडी, पाना, पहार काहीही आपटू नये. गरम पाणी ओतू नये, टॉर्च लावू नये, द्रव भरू नये. सगळे व्हॉल्व्ह जागच्या जागी ठेवून, सेफ्टी व्हॉल्व्हचा मार्ग मोकळा आहे एवढे पाहून माणसे लांब करावीत आणि पुरवठादार कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे. ते लोक वायुरूपातला सीओटू वरच्या बाजूने हळूहळू आत सोडून बर्फ वितळवतात, आणि पोलादाचे तापमान पाहत पाहत दाब टप्प्याटप्प्याने वर नेतात. वर सांगितलेल्या टाकीला पाच दिवस लागले आणि त्यानंतर वेल्डची तपासणी झाल्यावरच ती सेवेत आली. बर्फ आपोआप उडून जाईल म्हणून वाट पाहणे हाही मार्ग आहे. पण चांगल्या इन्सुलेशनमधून ३०० वॅट उष्णता आत येत असेल तर दिवसाला जेमतेम ४५ किलो बर्फ उडतो. दोन टनांना दीड महिना लागेल.

आता तुमच्या सेफ्टी व्हॉल्व्हकडे येतो. व्हॉल्व्ह उडतो म्हणजे तो बिघडलेलाच असतो असे नाही; तो आपले काम करत असण्याची शक्यता अधिक आहे. आधी गेज खरा आहे का ते पाहा. दुसरा, नुकताच कॅलिब्रेट केलेला गेज लावून दोन्ही आकडे जुळवा. आकडा खरा असेल तर प्रश्न उष्णतेच्या हिशेबाचा आहे: आत किती येते आणि बाहेर किती जाते. उणे २० अंशांवरचा एक किलो द्रव उकळायला सुमारे २८० किलोज्यूल लागतात. समजा इन्सुलेशनमधून ५०० वॅट आत येत असतील, तर दिवसाला साधारण १५० किलो वायू तयार होतो. तुमचे कोअर शॉप टाकीच्या वरच्या भागातून दिवसाला १५० किलोपेक्षा जास्त वायू घेत असेल तर दाब चढणारच नाही आणि रेफ्रिजरेशन युनिटला सुरू व्हायची वेळही येणार नाही. कमी घेत असेल, किंवा सुट्टी असेल, तर उरलेली उष्णता युनिटनेच बाहेर काढावी लागते. म्हणून मला तुमच्याकडून पहिली माहिती हवी ती अशी: व्हॉल्व्ह कामाच्या दिवशी जास्त उडतो की सुट्टीच्या दिवशी, आणि त्या वेळी युनिट चालू असते का?

माझा अंदाज विचाराल तर युनिटचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पाहा. फाउंड्रीच्या आवारात वाळूची बारीक धूळ आणि कोळशाची पूड उडत असते, ती कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांत अशी बसते की जाळीचा नमदा होतो. एप्रिलच्या दुपारी अडतीस अंशांच्या हवेत असा कंडेन्सर उष्णता टाकूच शकत नाही. कॉम्प्रेसर हाय प्रेशरवर ट्रिप होतो, कोणी रिसेट करत नाही, आणि दोन तासांनी सेफ्टी व्हॉल्व्ह बोलू लागतो. मला बोलावलेल्या दर चार ठिकाणांपैकी दोन-तीन ठिकाणी दुखणे एवढेच निघाले आहे. कंडेन्सर धुऊन घ्या, प्रेशर स्विच कोणत्या आकड्याला युनिट चालू करतो ते तपासा, लोड शेडिंगनंतर युनिट आपोआप सुरू होते का ते पाहा. इथे तुमच्या फिटरला टाकीच्या अंगाला हातही लावावा लागत नाही.

तरीही एक गोष्ट खरी आहे. वारंवार उडालेला व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. सीटवर बर्फाचा कण अडकतो आणि तो बारीक फुसफुसत राहतो. बहुतेक टाक्यांवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि त्यांच्याखाली तीन मार्गांचा बदली व्हॉल्व्ह असतो. तो फिरवून दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह सेवेत घ्यावा, पहिला काढून चाचणीला पाठवावा, आणि दांडी पूर्ण एका टोकाला गेली आहे याची खात्री करावी. मधे राहिली तर दोन्ही मार्ग अर्धवट राहतात. व्हॉल्व्हच्या तोंडावर पावसाचे पाणी साचू नये म्हणून टोपी असते, आणि खाली पाणी निघून जाण्याचे भोक असते. ते भोक कुंभारमाशीने बुजवलेले मी अनेकदा पाहिले आहे. साचलेले पाणी गोठले की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा होतो. जर्मनीतील वर्म्स येथे नोव्हेंबर १९८८ मध्ये एक सीओटू टाकी फुटून ३ जण मरण पावले. तिथे आतला हीटर चालू राहून दाब वाढत गेला आणि सुटका करणारा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. तुमच्या ठेकेदाराचे ‘दोन आटे’ टाकीला त्याच जागी नेऊन उभे करतात. व्हॉल्व्हचे सील तोडलेले दिसले तर तो व्हॉल्व्ह मी तरी सेवेत ठेवणार नाही.

भरण्याबद्दलही याच ओघात सांगतो. उणे २० अंशांवरचा द्रव शून्य अंशांपर्यंत तापला तर त्याचे आकारमान सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. वरती वायूसाठी जागा नसेल तर ही वाढ पोलाद सोसू शकत नाही. टँकरवाल्याला ‘काठोकाठ भर, परत फेरी नको’ असे सांगणारे खरेदी विभाग मला भेटले आहेत.

दक्षिणेकडच्या पांढऱ्या डागाचा अर्थ टाकीच्या प्रकारावर अवलंबून आहे. तुमची टाकी पफची आहे, म्हणजे तिथे पत्र्याच्या आवरणात पाणी शिरून फोम भिजला आहे. बहुधा केबलची क्लॅम्प किंवा पाटी लावताना कोणीतरी पत्र्यात स्क्रू मारला असेल आणि दोन पावसाळे त्यातून आत झिरपले असतील. भिजलेला फोम गोठतो, गोठताना त्याच्या पेशी फुटतात, आणि मग तो उष्णता अडवत नाही. तुमच्या दाबवाढीला हा डागही थोडा हातभार लावत असणार. पण मला उष्णतेपेक्षा त्याखालच्या गंजाची काळजी आहे. पत्रा आणि फोम तेवढ्या भागात हाताच्या अवजारांनी कापून काढावा. ग्राइंडर किंवा टॉर्च वापरू नये, कारण पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. उघड्या पोलादाची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजावी, आकडे नामपट्टीवरच्या मूळ जाडीशी ताडून पाहावेत, आणि ठीक असेल तर नवा फोम आणि त्यावर बाष्परोधक थर एकसंध घालावा. हे काम मे महिन्याच्या आत उरका. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की उघडी ठेवलेली थंड टाकी हवेतले पाणी ओढून घेते आणि नवा फोम पहिल्याच दिवशी ओला होतो. पावसाळ्यात सगळ्याच टाक्यांना घाम येतो, म्हणून डाग शोधायचा तो कोरड्या हवेत, सकाळी लवकर.

हेच वाचून कोणी व्हॅक्यूम टाकीवाले असतील तर त्यांनी यातले काहीही करू नये. दोन भिंतींच्या मध्ये परलाइट (हलकी खनिज पूड) भरून निर्वात केलेल्या टाकीला बाहेरून पांढरा डाग किंवा सतत घाम आला तर निर्वात बिघडलेला असतो. तिच्या बाहेरच्या भिंतीला भोक पाडणे, व्हॅक्यूमचा पोर्ट उघडून बघणे, ही साइटवरची कामे नाहीत.

आता गळती. इथे सगळे एका प्रश्नावर अवलंबून आहे: ती टाकीपासूनच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे की पलीकडे? पलीकडे असेल तर काम अर्ध्या दिवसाचे आहे. पहिला व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घालावे, पलीकडची लाइन हळूहळू मोकळी करावी, ती हवेच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच पाना लावावा. लाइन मोकळी करताना आत कोरड्या बर्फाचा बुच बसू शकतो. गेज शून्य दाखवतो आणि बुचाच्या मागे दाब अडकलेला असतो. लाइन तापली की तो बुच गोळीसारखा सुटतो. म्हणून लाइनवरचे दव पूर्ण सुकेपर्यंत थांबावे आणि तोंडासमोर कोणी उभे राहू नये. दाबाखाली जोड आवळण्याचा मोह मात्र अजिबात नको.

अशा लाइनीवर गळती वारंवार होते तेव्हा कारण बहुधा साहित्यात सापडते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून आणलेला साधा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल किंवा बिडाचा एल्बो या थंडीला चालत नाही. स्टेनलेस किंवा तांबे हवे. साधे रबर सीओटू शोषून घेते आणि दाब उतरला की त्याला फोड येतात, म्हणून गॅस्केट टेफ्लॉनचे हवे. बॉल व्हॉल्व्ह तर हमखास चुकतो. व्हॉल्व्ह बंद असताना बॉलच्या पोकळीत द्रव कोंडला जातो, तापला की पसरतो आणि बॉडी फोडतो. सीओटूसाठीच्या बॉल व्हॉल्व्हच्या बॉलला म्हणूनच टाकीच्या बाजूला एक बारीक भोक असते आणि बॉडीवर बाण असतो. तो बाण उलटा बसवला की भोकाचा उपयोग संपला. याच कारणाने, दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कोंडू शकेल अशा पाइपच्या प्रत्येक तुकड्यावर छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असायलाच हवा. तुमच्या लाइनीवर चालत जा आणि मोजा. जिथे दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तो नसेल, तिथे खडूने खूण करा.

गळती पहिल्या व्हॉल्व्हच्या अलीकडे, टाकीच्या निपलवर किंवा त्याच्या वेल्डवर असेल तर टाकी रिकामी केल्यावाचून गत्यंतर नाही, आणि मग क्रम महत्त्वाचा. आधी द्रव काढायचा, दाब उतरवायचा तो नंतर. पुरवठादाराचा रिकामा टँकर बोलवावा, द्रव त्यात घ्यावा आणि दोन्हींमधील वायूचा दाब समतोल ठेवावा, म्हणजे तुमच्या टाकीतला दाब कोसळत नाही. नामपट्टीवर उणे २९ असेल तर द्रवाचा शेवटचा थेंब आत असेपर्यंत गेज १४ किलोच्या खाली जाऊ देऊ नका. उणे ४६ असेल तर थोडी अधिक मोकळीक मिळते, तरी मी तिथेही १० किलोच्या वरच राहतो. लेव्हल गेज शून्य झाला एवढ्यावर विसंबू नका, त्याच्या नळ्या बुजतात. खालच्या ड्रेनमधून नुसता वायू येतो आहे, त्यात बर्फाचे कण नाहीत, हे डोळ्यांनी पाहा. त्यानंतरच वायू सोडायला घ्या, तोही हळूहळू. आणि उतरताना काटा ४.२ च्या जवळ रेंगाळला तर ताबडतोब व्हेंट बंद करा. आत अजून द्रव आहे.

द्रव संपलेल्या १० घनमीटरच्या टाकीत २० किलो दाबाला पाच क्विंटलांहून थोडा जास्त वायू शिल्लक असतो. हवेत सुटला की तो २८० घनमीटर होतो. हवेपेक्षा तो दीडपट जड आहे, आणि फाउंड्रीत तर खड्डेच खड्डे: भट्टीखालचा खड्डा, मोल्डिंगचा पिट, नॉकआउटखालचा कन्व्हेयर, केबलचे चर. पांढरे धुके दिसते ती हवेतली वाफ असते. वायू दिसत नाही आणि धुके विरल्यावरही तो खड्ड्यात बसून राहतो. व्हेंटचे तोंड उंच आणि मोकळ्या बाजूला असावे, आणि त्या दिवशी खड्ड्यांत कोणालाही उतरू देऊ नये.

या ठिकाणी सुरक्षा अधिकाऱ्यांचाही एक गैरसमज असतो, तो ऑक्सिजन मीटरचा. हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम १९.९ वर येतो, आणि १९.५ ला वाजणारा अलार्म गप्प राहतो. पण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम, हेच प्रमाण जिवाला तात्काळ धोक्याचे धरले जाते. आठ तासांच्या कामासाठीची मर्यादा तर ५,००० पीपीएम आहे. सीओटू गुदमरवतो तसा स्वतःही शरीरावर परिणाम करतो. १० टक्क्यांच्या हवेत माणसाची शुद्ध हरपायला फार वेळ लागत नाही. म्हणून सीओटू मोजणारा वेगळा मीटर हवा आणि तो गुडघ्याखाली धरून मोजायला हवे. धुळीचा मास्क किंवा काडतुसाचा मास्क इथे शून्य उपयोगाचा. बाहेरून किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारे उपकरणच चालते.

टाकीत माणूस उतरवायचा असेल तर सगळ्या लाइनी नुसत्या व्हॉल्व्हने बंद करून चालत नाही. त्या सोडवून किंवा मध्ये पत्र्याची अंध चकती घालून तोडाव्या लागतात. तळापर्यंत हवा फुंकावी, दोन्ही मीटरने वेगवेगळ्या उंचीवर मोजावे, बाहेर एक माणूस फक्त पाहण्यासाठी ठेवावा आणि आतल्याच्या कमरेला दोर असावा. आपल्या भागात जुन्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात एक उतरतो, त्याला काढायला दुसरा, आणि मग तिसरा, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. टाकीबाहेरच्या माणसाला ‘काहीही झाले तरी तू आत जायचे नाहीस’ हे मी तीनदा म्हणायला लावतो.

वेल्डिंगबद्दल माझे मत कडक आहे. तुमचा वेल्डर हाताने चांगला असेल, मोल्डिंग बॉक्स तो सुरेख जोडत असेल. पण कमी तापमानाच्या पोलादावरचा वेल्ड दिसायला सुबक असून चालत नाही, त्याला ठरलेली वेल्डिंग पद्धत, त्या पद्धतीवर उत्तीर्ण झालेला वेल्डर, योग्य इलेक्ट्रोड आणि नंतर रेडिओग्राफी व दाबचाचणी लागते. शिवाय ही केवळ तांत्रिक बाब नाही. १००० लिटरहून मोठी दाबपात्रे स्टॅटिक अँड मोबाइल प्रेशर व्हेसल्स (अनफायर्ड) नियम, २०१६ खाली येतात, आणि त्यांचे नियंत्रण नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोकडे (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे) आहे. पात्रात फेरफार किंवा दुरुस्ती परवानगीवाचून करता येत नाही. पाच वर्षांनी दाबचाचणी आणि वर्षातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यावी लागते. पाण्याने चाचणी झाल्यावर टाकी आतून पूर्ण कोरडी करणे विसरू नका, कारण ओलावा आणि सीओटू मिळून आम्ल होते. तुमची टाकी दुसऱ्याकडून आलेली आहे, तेव्हा तिची मूळ कागदपत्रे आणि तुमच्या जागेचे लायसन्स आहे का, हे मालकांना आजच विचारा. कागद नसतील तर निपलच्या दुरुस्तीचा खर्च हा तुमचा सर्वांत लहान खर्च ठरेल, आणि मी त्या टाकीवर आणखी पैसे घालण्याऐवजी ती बदलण्याचा सल्ला देईन.

शिरोलीचे आहात म्हणून एक जास्तीची गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात तिथे महामार्गच पाण्याखाली गेला आणि टँकर, तंत्रज्ञ, डिझेल काहीच पोहोचत नव्हते. वीज गेलेल्या टाकीचा दाब चढत जातो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर थोडा थोडा उडतो. तो उडू द्यावा. रेफ्रिजरेशन युनिटला जनरेटरची जोडणी आणि टाकीच्या पायाचे बोल्ट मात्र पावसाळ्याआधी पाहून ठेवा, कारण पाणी चढले तर जवळपास रिकामी टाकी तरंगू पाहते.

तेव्हा उद्या सकाळी गेज जुळवा, कंडेन्सर धुवा, नामपट्टीचा स्पष्ट फोटो काढा आणि गळती पहिल्या व्हॉल्व्हच्या कोणत्या बाजूला आहे ते साबणाच्या पाण्याने निश्चित करा. या चार गोष्टींत टाकी उघडावी लागत नाही. पलीकडची गळती असेल तर ती येत्या सुट्टीला उरकेल. अलीकडची असेल तर मालकांना सांगा की टाकी काही आठवडे बंद राहणार आहे. तोवर कोअर शॉप सिलिंडरवर चालवता येते. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ३० किलो सीओटू असतो. तुमचा वापर दिवसाला ८० किलो धरला तर तीन सिलिंडर लागतील. चार-पाच सिलिंडर एका मॅनिफोल्डला जोडा आणि रेग्युलेटरला हीटर लावा, नाहीतर दहाव्या कोअरपर्यंत तो गोठेल.